गुलाबी प्रत

खाण बंद झाली तेव्हा कचेरीतून मी
खुर्ची नाही आणली, पंखा नाही.
एक पेटी आणली, वजनकाट्याच्या पावत्यांची.
पांढरी ट्रकवाल्याला, पिवळी बार्जवर,
गुलाबी आमच्याकडे.
एकवीस वर्षं मी गुलाबी जपली.
बायको म्हणाली, वाळवीला आमंत्रण धाडलंत.

मग म्हाबळू आला.
दर आश्विनात तो डिचोलीच्या नाक्यावर नरकासुर करतो:
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद, जुनी वर्तमानपत्रं.
पहाटे जाळायचं, म्हणूनच इतकं निगुतीने.
गेल्या खेपेला एक कान जास्तीचा झाला.
तो भिजवून, सपाट करून, उन्हात दाबून
त्याने वहीचे पुठ्ठे केले.
"हो जळचो ना," म्हणाला.

तेव्हापासून वही फिरते.
माझ्याकडून कदंबाच्या बसने पणजी,
फेरीतून दिवाडीला इनासियाकडे,
तिथून कुणाच्या तरी पिशवीतून वाळपईला, झुलेखाकडे,
आणि परत. दोन महिने. पावसात तीन.
नियम एकच:
आधीच्याचं पान खरवडायचं नाही.

इनासिया पावाच्या पिशव्यांना इस्त्री करते,
वर मेण, मेणावर चहाचं पाणी,
शेवट्याचे खवले, अभ्रकासारखे.
हात थरथरतो तिचा, रेषही थरथरते.
ती म्हणते, मी नदीच काढत होते.
जुलैत तिची पानं माझ्या पानांना चिकटून आली.
वाफ दिली, बोथट सुरी सरकवली,
तरी अर्धी नदी माझ्याकडे उतरली.
राहू दिली.

मला काही येत नाही. मी पावत्या लावतो,
कडेला कड, खातेवहीसारख्या,
आणि वरून लाल माती, खळीत कालवून, बोटाने.
माती अजून मिळते. खिडकीच्या खाचेत,
ठेवणीतल्या चपलांत,
डॉक्टर म्हणतात, माझ्या छातीत.

या वेळी वही झुलेखाकडून आली.
ती शिवणकाम करते. तिच्या पानांवर
अस्तराचे तुकडे, काज, खडूच्या खुणा असतात.
या वेळी तिचं पान कोरं.
माझ्या पानावर मात्र, चाळीसेक पावत्यांतल्या एकीवर,
एका ट्रकच्या नंबराभोवती
लाल दोऱ्याचा उलटा टाका.
इतका बारीक, की कागद फाटला नव्हता.
४०७१. दुपारचे दोन वीस. दहा टन तीनशे.
खाली माझी सही.

फोन केला.
"भावाचा ट्रक," ती म्हणाली.
मशीन चालू होतं मागे, मग थांबलं.
"त्या दिवशी तो जेवला होता का,
ते नव्हता ना लिहीत तुम्ही?"

नव्हतो लिहीत.
ट्रक काट्यावर चढायचा, आकडा स्थिर व्हायचा,
खिडकीतून एक हात यायचा,
मी त्यात पांढरी ठेवायचो.
वर पाहायला वेळ नसायचा. असायचाही कधी कधी.
हाताला घड्याळ होतं का,
तेवढं तरी आठवावं.

रात्री पेटी उपसली. शिंका, कार्बनने काळी बोटं.
पहाटेपर्यंत ४०७१ च्या सदतीस मिळाल्या.
चिकटवल्या नाहीत.
पुढच्या पानाला पावाच्या पिशवीचा खिसा केला,
तीन बाजूंना खळ, चौथी उघडी,
आणि तारखेप्रमाणे आत सरकवल्या.
शेवटच्या पावतीच्या मागे, कोऱ्या बाजूला,
पेन्सिलीने एक हात काढला.
बोटं सहा झाली होती. एक खोडलं.
मनगट तसंच मोकळं ठेवलं,
तिला माहीत असेल.

वही आता मिटत नाही. दोरीही पुरत नाही.
म्हाबळूकडे काथ्या मागितलाय,
नरकासुराचा सांगाडा बांधतो तो.
आणि इनासियाला कळवलंय, थोडी थांब,
या खेपेला वही उलट्या वाटेने,
आधी वाळपई.